आभाराचा कागद

"तू उठू नकोस, बाळा. खाली बस. मुलांमध्येच बस."

असं काकू म्हणाल्या. नात्यातल्या नव्हेत, इथली सगळी मराठी मंडळी त्यांना काकू म्हणतात. आवाज गोड. काकूंचा आवाज नेहमीच गोड असतो, ओरडायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नसावी.

शनिवारची दुपार. चंदीगडातल्या आमच्या सेक्टरच्या कम्युनिटी सेंटरची मागची खोली. सतरंजीवर मुलं बसलेली आणि त्यांच्यात मी. खुर्चीवर निक्की होती. सहावीतली. अपूर्णांकांची बेरीज तिने फळ्यावर मांडली होती आणि ती सगळ्यांना समजावत होती. तेवढ्यात काकू आत आल्या. मागे त्यांची मुलगी इरा, तिच्यामागे कॅमेरावाला. काकूंनी निक्कीला दंडाला धरून खुर्चीवरून उठवलं आणि सतरंजीवर बसवलं. खुर्चीत इराला बसवलं, तिच्या हातात खडू दिला. मी उठायला लागले. मला वाटलं, वर्ग मी घेते, तर फोटोत मीही इराच्या शेजारी उभी राहणार. इतकी भोळसट होते मी.

"तू उठू नकोस, बाळा."

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. अकरावीत. इराच्याच वयाची, इराच्याच शाळेत. त्या खोलीतलं सगळ्यात मोठं मूल माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान होतं. हा वर्ग मी दोन वर्षं चालवत होते. काकूंना ते माहीत होतं, इरालाही माहीत होतं.

मी बसले. हे लिहायलाच हवं. मी बसले. गुडघे पोटाशी घेतले. मागच्या पोराचा चेहरा झाकला जाऊ नये म्हणून मान खाली घातली. कॅमेरावाला म्हणाला, "हाँ जी, बढ़िया. बच्चे लोग, दीदी की तरफ़ देखो." बच्चे लोग म्हणजे मीही. मी दीदीकडे बघितलं.

इराने फळ्यावर एक अक्षर लिहिलं नाही. निक्कीने लिहिलेलं होतंच की आयतं. जाताना काकूंनी सगळ्यांना ज्यूसचं एकेक पाकीट वाटलं. मलाही दिलं. मी ते प्यायले.

संध्याकाळी तो फोटो इथल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं, 'चि. इराच्या उपक्रमातील गरजू मुले'. आई त्या ग्रुपवर आहे. तिच्या वॉर्डातल्या दोन मराठी सिस्टरही आहेत. एकीने खाली हात जोडल्याचं चिन्ह टाकलं होतं. आईने फोटो बघितला, फोन पालथा ठेवला आणि कणीक मळायला घेतली.

आम्ही यवतमाळचे. आई नर्स. परीक्षा देऊन तिला इथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नोकरी लागली, तेव्हा मी आठवीत जाणार होते. बाबा यवतमाळला एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत, वर्षातून दोनदा येतात. एका कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, गच्चीवर एक खोली आहे, इकडे तिला बरसाती म्हणतात, तिथे आम्ही दोघी राहतो. खोलीत एक पलंग, एक टेबल, आणि भिंतीवर निळ्या कोटातला फोटो. आम्ही बौद्ध. आईने घर लावताना सामानातून सगळ्यात आधी तो फोटो काढला होता.

पहिल्या दिवाळीला आम्ही इथल्या महाराष्ट्रीय मंडळींच्या फराळाला गेलो. परक्या मुलखात मराठी ऐकायला मिळेल, एवढाच आईचा हेतू. तिथे काकू भेटल्या. त्यांचे मिस्टर मोठे डॉक्टर, आई ज्या विभागात काम करते त्याचे प्रमुख. काकूंनी आईला विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" आईने सांगितलं. "अच्छा अच्छा. आणि मूळ गाव?" आईने यवतमाळ सांगितलं. "अच्छा." मग त्यांनी आईचा हात हातात घेतला. "अगदी मोकळेपणाने येत जा हं. आम्ही असलं काही मानत नाही."

आईने काही विचारलंच नव्हतं. असलं म्हणजे कसलं, ते आजूबाजूच्या चकली खाणाऱ्या सगळ्यांना कळलं. आई "हो हो" म्हणाली. मी तेव्हा तेरा वर्षांची होते, पण त्या 'असलं'चा अर्थ मला कोणी फोड करून सांगायची गरज पडली नाही.

वर्ग सुरू झाला तो काकूंमुळे नाही. निक्कीमुळे झाला. निक्कीची आई, बिमला आंटी, आईच्या वॉर्डात सफाईचं काम करते. शाळा सुटली की निक्की वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहायची, बिमला आंटीची ड्यूटी संपेपर्यंत. एक दिवस आई तिला घेऊन घरी आली आणि म्हणाली, "हिले थोडा भागाकार सांग वं. बाकावर बसून बसून कंटाळते पोट्टी."

निक्कीला भागाकार येत नाही असं तिच्या शाळेने ठरवून टाकलं होतं. तिला तो येत होता. तिला फळा दिसत नव्हता. शेवटच्या बाकावर बसवायचे तिला आणि वर म्हणायचे, ध्यान नहीं देती. दोन वर्षांत एकाही मास्तराच्या डोक्यात आलं नाही. आईने तिचे डोळे तपासून घेतले, चष्मा लागला. चष्मा लावून पहिल्यांदा आमच्या गच्चीवर आली तेव्हा ती टेकड्यांकडे बघत म्हणाली, "दीदी, पहाड़ पे घर भी हैं?" ती जन्मापासून याच शहरात राहत होती.

मग तिने भावाला आणलं. भावाने मित्राला. हॉस्पिटलच्या क्वार्टरमधली पोरं, कुणाची आई सफाईवाली, कुणाचे वडील स्ट्रेचर ढकलणारे, कुणाचे गेटवर गार्ड. अकरा झाली. बरसातीत मावेनात. घरमालक सरदारजी भला माणूस, पण जिन्यातल्या चपला बघून तेही म्हणाले, "बेटे, ये तो गुरुद्वारा हो गया."

एकदा माझा घसा बसला. आवाजच फुटेना. निक्कीला कालचं समजलं होतं, म्हणून मी तिला खुर्चीत बसवलं आणि स्वतः खाली बसले. ती पोरांना तिच्या भाषेत सांगायला लागली, आणि मी चार दिवस घासून जे पोरांच्या डोक्यात गेलं नव्हतं ते अर्ध्या तासात गेलं. मला आधी राग आला. मग लाज वाटली. त्या दिवसापासून आम्ही नियम केला: ज्याला कळलं तो खुर्चीत, बाकीचे सतरंजीवर. मीही. आठवड्यातून दोनदा तरी मी खाली असायचे. त्या शनिवारी मी सतरंजीवर होते ती या नियमाने. तो फोटो आमच्या पद्धतीचा होता आणि काकूंनी तो आमच्याच विरुद्ध वापरला.

जागा मात्र काकूंनी मिळवून दिली, हे खरं. मी खोटं बोलणार नाही. आईने वॉर्डात कोणापाशी तरी सांगितलं, ते त्यांच्या कानावर गेलं, त्यांनी एक फोन केला आणि कम्युनिटी सेंटरची खोली मिळाली. एक फोन. मी त्याच खोलीसाठी तीन अर्ज दिले होते. खोलीची किल्ली काकूंच्या नावावर झाली, आणि हळूहळू वर्गही त्यांच्या नावावर झाला. मला ते कळायला वर्ष लागलं, कारण मी शिकवण्यात गुंतले होते.

अकरावीत शाळेत एक सूचना लागली. दिल्लीतल्या एका संस्थेचा युवा नेतृत्व कार्यक्रम. शाळेने एकच नाव पाठवायचं. लहान मुलांसोबत काम केलेलं असावं, आणि ते काम पाहिलेल्या मोठ्या माणसाचं पत्र असावं. निवड झाली तर पुढच्या शिक्षणाची सोय ते करणार. मी ती सूचना तीनदा वाचली. मला वाटलं, हे माझ्यासाठीच लिहिलंय. मला कलेक्टर व्हायचं होतं. लहानपणी यवतमाळला एकदा कलेक्टरबाईंची गाडी बघितली होती, सगळे रस्ता सोडून उभे होते. नेतृत्व म्हणजे ते, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आपण वर, बाकीचे उभे.

फोटो निघाला तो ही सूचना लागल्यानंतर आठ दिवसांनी. तरीही मी काकूंकडे पत्र मागायला गेले. एरोसिटीतल्या त्यांच्या नव्या घरी, दोन बस बदलून. दुसरं कोणाला मागणार? काम पाहिलेलं मोठं माणूस म्हणजे आई आणि बिमला आंटी. त्यांच्या पत्राला कोण विचारतो. काकूंनी चहा दिला. चार दिवसांनी इराच्या हाती पाकीट आलं. ते बंद नव्हतं, मी वाचलं. इंग्रजीत होतं. 'ही मुलगी इराच्या उपक्रमाच्या सर्वांत हुशार लाभार्थींपैकी एक आहे. वर्गाला नियमित हजर असते. नेहमी नीटनेटकी असते.'

लाभार्थी. हजर असते. नीटनेटकी.

मधल्या सुट्टीत मी इराला गाठलं. ती वाईट मुलगी नाही, हे मुद्दाम सांगते. ती कधी मला टाकून बोलली नाही. तिला मराठी कळतं पण बोलत नाही. ती म्हणाली, "यार, मम्मा ने लिखा है, मैंने पढ़ा भी नहीं. तू टेंशन मत ले. तुझे तो कोटे से कुछ न कुछ मिल ही जाएगा ना. मेरे पास तो यही है."

तिच्याकडे हेच आहे! बाप विभागप्रमुख, एरोसिटीत घर, अर्जाचा निबंध लिहून द्यायला पगारी माणूस, आणि तिच्याकडे फक्त हेच आहे. ते पण माझं. आणि हे तिने चेष्टेने म्हटलेलं नव्हतं, मनापासून म्हटलेलं होतं.  वर्गात जाऊन मी भौतिकशास्त्राच्या वहीवर पेन इतक्या जोरात दाबलं की पान फाटलं.

आईला पत्र दाखवलं. तिने वाचलं, घडी केली, परत दिलं.

"गप राय. तिचा नवरा माह्या डिपार्टमेंटचा हेड हाय. मले रोज त्याईच्यासमोर उभं राहा लागते."

"मग मी काय करू?"

"अभ्यास कर. लिहून देल्लं त्याईनं, ते का तुह्या अंगाले चिकटलं?"

मला तिचा भयंकर राग आला. आज कमी आलाय, पण गेलेला नाही. वीस वर्षं इंजेक्शनं देणारी बाई, आयसीयूत रात्र रात्र उभी राहणारी, आणि एका बाईच्या सहीला घाबरते. मग मी केलं काय? मीही गप राहिले. आईला भित्री म्हणायला माझी जीभ चांगली चालली.

संक्रांतीला मंडळींचा कार्यक्रम होता. काकू शनिवारी एक कागद घेऊन वर्गात आल्या. हिंदीतलं भाषण. निक्कीने स्टेजवर वाचायचं. 'इरा दीदी ने हमारे अँधेरे जीवन में ज्ञान का दीपक जलाया' अशी सुरुवात. "निक्कीकडून छान पाठ करून घे," काकू मला म्हणाल्या. "तुझंच ऐकते ती." मग हलक्या आवाजात, "तुमच्या शाळेच्या मॅडमना मी बोलावलंय. तुझ्याबद्दलही बोलेन त्यांच्याशी."

शाळेच्या मॅडम म्हणजे ज्या नाव ठरवणार होत्या त्या. माझ्या लक्षात आलं. मी कागद घेतला.

निक्कीने तो वाचला आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. "अँधेरा कहाँ था दीदी? हमारे क्वार्टर में तो ट्यूबलाइट है."

पोरं हसली. मीही हसले.

"ये झूठ है ना दीदी?"

मी काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगते. मी म्हणाले, "पढ़ दे यार. दो मिनट की बात है. तेरा क्या जाता है."

आणि मग दोन दिवस मी ते तिच्याकडून घोटून घेतलं. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा. 'प्रेरणा' हा शब्द तिला नीट येईना, तो दहादा म्हणून घेतला. मी चांगली शिकवते. त्या पोरीला मी वाचायला शिकवलं होतं, आणि लोकांसमोर मोठ्याने वाचायची पाळी आली तेव्हा पहिली गोष्ट तिच्या हातात दिली ती खोटे आभार. काकूंनी मला खाली बसवलं होतं, मी निक्कीला बसवलं. काकूंचा आवाज तरी गोड होता, मी तिच्यावर खेकसले होते.

संक्रांत म्हणजे गोड बोलायचा सण. हॉलमध्ये काळ्या साड्या, तिळगुळाच्या वड्या, हलव्याचे दागिने घातलेलं कुणाचं तरी बाळ. बाहेर धुकं, आत हीटर. आमची पोरं पुढे सतरंजीवर. आई आणि मी मधल्या रांगेत. बिमला आंटी सगळ्यात मागे, मोहरी रंगाचा सूट घालून. मुलगी माईकवर बोलणार म्हणून तिने ड्यूटी बदलून घेतली होती. पहिल्या रांगेत काकू, डॉक्टर, शाळेच्या मॅडम. इरा बाजूला उभी, तिचा व्हिडिओ निघणार होता.

काकूंनी निक्कीच्या हातात कागद दिला. आम्ही घोटला होता तो नाही. नवा, टाइप केलेला. मला वाटलं, अक्षर मोठं केलं असेल, चष्मा आहे म्हणून.

निक्की वाचायला लागली. अँधेरे जीवन, दीपक, प्रेरणा. प्रेरणा अगदी स्वच्छ आलं. मला बरंही वाटलं. मग ती पुढचं वाचायला लागली, जे आम्ही बसवलंच नव्हतं.

"इरा दीदी ने हमें रोज़ नहाना और साफ़ रहना सिखाया, क्योंकि हमारे घरों में यह..."

ती थांबली.

माझी मान आपोआप मागे वळली. बिमला आंटी ओढणी नीट करत होती. हिंदी तर तिची घरचीच. तिला सगळं कळतं. आयुष्यभर लोकांची घाण उचलणारी बाई, पहाटे चारला उठून, पोरीच्या दोन वेण्या घालून तिला शाळेत पाठवणारी. तिच्याच पोरीच्या तोंडून, तिच्यासमोर, माईकवर. काकू पुढून मानेने निक्कीला खुणावत होत्या, हां हां, वाच. चेहऱ्यावर हसू तसंच.

मी एक खोटं त्या पोरीच्या तोंडात नीट बसवून दिलं होतं. म्हणून काकूंना दुसरं घालता आलं. हे मला त्या क्षणी समजलं, आणि मी उठले.

"मत पढ़, निक्की."

मोठ्याने बोलले बहुतेक, कारण बाळ रडायला लागलं. काकू मागे वळून म्हणाल्या, "अगं, कार्यक्रम चालू आहे ना." मी स्टेजवर गेले. निक्कीच्या हातातून कागद घेतला, तिच्यासमोरचा माईक घेतला. बोलले ते सगळं आठवतं. घरच्या मराठीत बोलले, दुसरी कोणती सुचलीच नाही.

"हा वर्ग मी आन् या अकरा पोराईनं चालवला. इरा दोनदा आली. दोन्ही खेपेले फोटोवाला संगं होता. आन् नहाणं कोण कोणाले शिकवते? तुमचे वॉर्ड याईच्या माया साफ करते. तुमची घाण त्या काढते. तुम्ही याईले साफ राहाचं शिकवता?"

कोणी टाळी वाजवली नाही.  तिळगुळाच्या डब्याचं झाकण कुठेतरी पडलं. डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. काकूंचे डोळे भरले होते, आणि दोन बायका त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. बघा, रडल्या त्या. सांत्वन त्यांचं झालं.

आई माझ्या पुढे पुढे चालत घरी आली. बरसातीचा जिना चढून आल्यावर म्हणाली, "सोमवारी मले त्याच वॉर्डात जायचं हाय." मी म्हणाले, "मी खोटं बोलली काय?" ती म्हणाली, "खरं बोलली. पैसे मी भरन त्याचे." तिने स्वेटर न काढताच पांघरूण घेतलं. मी तिच्याशी भांडायला तयार होऊन आले होते, पण भांडण्यासारखं तिने काही ठेवलं नव्हतं.

पंधरा दिवसांत तिची बदली दुसऱ्या वॉर्डात झाली. तिकडे नर्स कमी आहेत, असं कारण आलं. असतीलही. माझ्याकडे पुरावा नाही, आणि अशा गोष्टींचा पुरावा कधीच नसतो. कम्युनिटी सेंटरच्या खोलीला कुलूप लागलं. दुरुस्ती आहे म्हणे. काचेतून बघितलं, आत आमची सतरंजी गुंडाळून ठेवली होती, दुरुस्ती करणारं कोणी नव्हतं. शाळेने इराचं नाव दिल्लीला पाठवलं.

मॅडमनी मला बोलावून घेतलं. "बेटा, तुममें पोटेंशियल है. लेकिन लीडर को इतना ग़ुस्सा शोभा नहीं देता." मी विचारलं, "मॅम, मैंने झूठ क्या बोला, वो बताइए." त्या म्हणाल्या, "बात झूठ-सच की नहीं है, तरीके की है." तरीका! निक्कीच्या तोंडात तो कागद घालण्याचा तरीका त्यांना पहिल्या रांगेत बसून चालला. वडी खात होत्या.

निक्की दोन आठवडे आली नाही. बाकीची पोरं आली. सेक्टरच्या पार्कात, व्यायामाच्या लोखंडी यंत्रांच्या बाजूला आम्ही बसायला लागलो. खुर्ची नाही, सिमेंटचा बाक. मला वाटत होतं, बिमला आंटी घाबरली असेल. मी स्वतःला समजावत होते, मी त्यांच्यासाठी लढले, त्यांना समजायला वेळ लागेल. कौतुक चाललं होतं माझं माझ्यापाशीच.

मग एक दिवस निक्की आली. बाकावर बसली नाही. उभी राहून म्हणाली, "दीदी, मैं ख़ुद रुकी थी."

"हाँ, मैंने देखा."

"मैं बोलने वाली थी. मैंने सोच लिया था क्या बोलना है. आप आ गईं और माइक ले लिया."

मी हातातली वही मिटली.

"मम्मी मेरी बैठी थी. आपकी नहीं."

अकरा वर्षांची पोर. चष्मा नाकावर घसरलेला, हात स्वेटरच्या बाह्यांत. तिने मला काकूंच्या शेजारी नेऊन उभं केलं, आणि ते बरोबर होतं. काकूंनी तिच्या हातात कागद दिला, मी तिच्या हातातून काढून घेतला. तिला काय म्हणायचं होतं ते तिघींपैकी कोणी विचारलं नाही. काकूंनी नाही, इराने नाही, मी नाही. स्टेजवरच्या पाच मिनिटांत मी कलेक्टर झाले होते. मी वर, बाकीचे उभे.

"क्या बोलने वाली थी?" मी विचारलं.

"अब नहीं बताऊँगी," ती म्हणाली. आणि आजतागायत तिने सांगितलेलं नाही. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. तो तिचा हक्क आहे.

लोक मला म्हणतात, झालं ते झालं, आता शांत हो. बाबा फोनवर म्हणतात, आपली शिकायची वेळ आहे. मी शिकते आहेच. बारावीत आहे, पहिल्या पाचात आहे. पण शांत होणार नाही. माझ्या रागाला तरीका शिकवायला येणाऱ्यांनी आधी त्या कागदावरची ओळ त्यांच्या स्वतःच्या पोरीला माईकवर वाचायला लावावी, मग यावं.

माझं ठरलं आहे ते असं. कलेक्टर व्हायचं डोक्यातून काढून टाकलं. लोकांनी रस्ता सोडून उभं राहावं, असलं काही मला नको. आमच्या शाळेत विद्यार्थी मंडळ शिक्षक नेमतात. दर वर्षी डॉक्टरांची, प्रोफेसरांची मुलं. मी निवडणूक मागितली आहे, सह्या गोळा करते आहे, नववी-दहावीच्या वर्गांतून सगळ्यात जास्त मिळाल्या. मॅडम म्हणाल्या, अर्ज मागे घे. मी नाही घेतला. बारावीनंतर इथल्याच विद्यापीठात जाणार, कायदा शिकणार. तिथे निवडणुका होतात, पोरं जोरात लढतात, भिंती रंगवतात. मी उभी राहणार. तिथे कोणाच्या आईचं पत्र लागत नाही, मतं लागतात. हरले तर पुन्हा उभी राहणार.

पार्कातला वर्ग आता निक्की आणि अजून दोघं मिळून ठरवतात. काय शिकायचं, कोणाला बोलवायचं, कोणाला नाही. मला गणितापुरतं बोलावलं आहे. मला ते सोपं जात नाही. मध्येच तोंड उघडायची सवय आहे मला, ती मोडते आहे.

यापुढे आमचं पोर माईकवर उभं असेल तेव्हा मी त्याच्या पुढे जाणार नाही. त्याच्या तोंडचं बोलणार नाही, चांगल्या हेतूनेही नाही. मी पायऱ्यांशी उभी राहणार, लोकांकडे तोंड करून. आणि तिथून जो कोणी हातात आभाराचा कागद घेऊन वर चढायला बघेल, तो कितीही मोठा असो, कितीही गोड बोलो, गाठ माझ्याशी आहे.